कार्डावरचा लिंबाजी

आमच्या तालुक्याचा जिल्हा बदलला त्या साली पाऊस पडला नाही. लोक म्हणायचे, पावसाला नवा पत्ता कळला नसंल. तो विनोद होता; पण पत्त्याचं म्हणाल तर त्या साली आमच्या कॉलेजात खरोखरच घोटाळा झाला, आणि त्यात एका हुशार पोरीचं वर्ष जाता जाता राहिलं.

आमचं कॉलेज म्हणजे अहमदपूरचं ते मोठं, जुनं नव्हे. आमचं स्टँडच्या मागचं, पत्र्याचं, तीन वर्षांचं. मी तिथं शिपाई होते. घंटा द्यायची, हजेरीचं मस्टर वर्गावर पोचवायचं. लायब्ररीला वेगळा माणूस नव्हता, म्हणून दुपारून तिचीही किल्ली माझ्याच कमरेला. पुस्तकं जागच्या जागी लावता लावता मी वाचायला लागले. गणिताची पुस्तकं कळायची नाहीत, पण कुठली झिजतात ते कळायचं.

ऑफिसात शिवलिंगअप्पा कारकून. जिल्हा नवा झाल्याचा आनंद कलेक्टरला झाला नसेल इतका त्यांना झाला. लातूरला जाऊन त्यांनी रबरी शिक्का करून आणला : ‘ता. अहमदपूर, जि. लातूर’. जांभळी शाई, गोल कडा. मग दिसेल त्यावर ठप्पा. मस्टरवर, खडूच्या खोक्यावर, एकदा तर माझ्या घंटेच्या लाकडी दांड्यावर.

“आता कपाळावर मारून घ्या अप्पा,” मी म्हणाले, “म्हंजे हरवलात तरी पोस्टमन घरी आणून सोडंल.”

“हसा केवळाबाई, हसा. आपल्याला कोण जिल्हा म्हणत होतं का आजपर्यंत?”

तेही खरंच होतं.

आता टर्मचं सांगते, कारण गोष्ट तिच्यावरच आहे. शंभर तासांतले पंचाहत्तर भरले नाहीत तर पोराला टर्म मिळायची नाही. टर्म नाही तर परीक्षेचा फॉर्म औरंगाबादला विद्यापीठाकडं जायचा नाही, म्हणजे वर्ष गेलं. कमी हजेरीवाल्यांची यादी फेब्रुवारीत लागायची. साठाच्या वर हजेरी असली आणि कारण पटलं, तर समितीला अटीवर टर्म देता यायची. बाकीच्या कॉलेजांत ही समिती म्हणजे तीन सह्या आणि तीन कप चहा. आमच्याकडं समिती म्हणजे मलप्पा सर.

मलप्पा सर उदगीरचे, गणिताचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात कायम मस्टर. पोरं त्यांना पाठीमागं ‘वजाबाकी’ म्हणायची. पण त्यांच्यासारखी यादी मी पुन्हा कुठं पाहिली नाही. प्रत्येक नावामागं घरी दोन कार्डं टाकायची. मग सुनावणी. टेबलासमोर दोन खुर्च्या, एक पोराची, एक पालकाची. पालकाची खुर्ची रिकामी असली तर सर नाव लगेच कापायचे नाहीत. यादीशेजारी भिंतीवर त्यांनी एसटीचं वेळापत्रक चिकटवलं होतं. ज्या बाजूचं गाव, त्या बाजूची शेवटची गाडी येईपर्यंत ते नाव थांबायचं. गाडी आली, माणूस उतरला नाही, की लाल पेन.

“रिकाम्या खुर्चीला शिक्षा देता येत नाही,” असं म्हणायचे. पोरांना वाटायचं, म्हातारा उगाच ताटकळत ठेवतो.

त्या साली यादीत एकतीस नावं होती. एकतिसावं सिंधु लिंबाजी, बी.एस्सी. दुसरं वर्ष. मला वाटलं, अप्पांनी चुकून लिहिलं. ही पोर पहिल्या वर्षी कॉलेजात पहिली आलेली. आता हजेरी एकसष्ट. गाव पिंपळगाव, अहमदपूर-कंधार रस्त्यावर, तालुक्याची हद्द ओलांडली की लगेच. रोज एसटीनं यायची. दिवाळीनंतर आठवड्याला दोन-दोन दिवस गायब. आली की दुपारच्या सुट्टीत लायब्ररीत, आणि जाताना दारात घुटमळायची.

“मावशी, हे घरी नेऊ का? परवा आणते.”

ते पुस्तक घरी द्यायचं नव्हतं, तिथंच बसून वाचायचं होतं. मी द्यायचे. तिनं न्यायचं, मी बघायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.

यादी लागली त्या दिवशी मी तिला गाठलं. “सिंधे, एवढ्या दांड्या? वर्ष गेलं की ईबीसीची फीमाफी जाती, आन् ईबीसी गेली की कॉलेज. ठावं हाय ना?”

“हाव मावशी.”

“मंग सरांना कारण सांग की. घरी कोण बिमार हाय का?”

“न्हाई.”

“बोल ना गं तोंडानं!”

ती जमिनीकडं बघत म्हणाली, “सरच म्हणतेत ना वर्गात, कारणं सांगणाऱ्याला गणित येत न्हाई.”

म्हणायचे खरंच. दर आठवड्याला.

सुनावणीचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं अप्पा फॉर्म घेऊन औरंगाबादला निघणार होते, म्हणजे जे व्हायचं ते आजच. सकाळपासून पोरं आत जात होती, बाहेर येत होती. एकाचा बाप पोराआधी स्वतःच रडला. एकाच्या चुलत्यानं सरांसमोरच पुतण्याची मानगूट धरली, तेव्हा सर म्हणाले, “साकु, साकु.” साकु म्हणजे कानडीत पुरे. चिडले किंवा निकाल झाला, की सरांच्या तोंडून एवढंच कानडी निघायचं. आतला निकाल पोरं बाहेर उभं राहून त्या ‘साकु’च्या सुरावरून ओळखायची.

संध्याकाळी सहा नावं उरली. गंमत अशी की साहीच्या साही पोरांच्या पालकांच्या खुर्च्या रिकाम्या. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सिंधु आत गेली, मी चहाचं निमित्त करून दारात.

“एकसष्ट,” सर मस्टर बघत म्हणाले. “पहिल्या वर्षी ब्याण्णव होती. कारण?”

“घरी काम होतं सर.”

“काम सगळ्यांना असतं. घरी दोन कार्डं गेली. वडील आले नाहीत?”

“कार्ड आलं न्हाई सर.”

शिवलिंगअप्पा शेजारी फायली लावत होते. म्हणाले, “सगळे तसंच म्हणतेत सर. कार्ड मी सोता टाकलंय.”

सरांनी भिंतीकडं पाहिलं. “कंधारहून शेवटची गाडी साडेसहाला. बाहेर बस.”

ती बाहेर माझ्या स्टुलाजवळ भिंतीला टेकून बसली. मी चहा दिला, तिनं हातात धरून ठेवला. साडेसहा झाले, गाडीचा हॉर्न ऐकू आला. पत्र्याच्या फटीतून स्टँड दिसायचं. माणसं उतरली, पांगली. आमच्याकडं कुणी वळलं नाही. आत सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं, तो टक् आवाज मी दारातून ऐकला.

तेवढ्यात फाटकातून एक माणूस आला. डोक्याला पटका, पायात टायरच्या चपला, गुडघ्यापर्यंत धूळ. सरळ मला विचारलं, “बाई, लिंबाजीला बलावलंय ती कचेरी हीच का?”

“लिंबाजी, पिंपळगाव?”

“हाव.”

माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला दंडाला धरूनच आत नेलं, सिंधूला मागून ढकललं. तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला, जसं तापलेल्या तव्यावर बसावं.

सर सुरू झाले. “तुम्ही लिंबाजी?”

“जी.”

“मुलगी हुशार आहे हे तुम्हाला माहीत आहे?”

“हुशार हाय म्हनतेत,” तो म्हणाला.

“म्हणतात काय? बाप आहात ना! एकोणचाळीस तास बुडाले. दोन कार्डं गेली, तुम्ही आज उगवलात, तेही गाडी गेल्यावर. पोरीला घरकामाला जुंपायचं होतं तर कॉलेजात घातली कशाला?”

माणूस मान खाली घालून सगळं ऐकत होता. मधे एकदा “चुकलंच” पण म्हणाला. सिंधु डोळे फाडून त्याच्याकडं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“सर, हे माझे बाबा न्हाईत.”

सरांनी मस्टर खाली ठेवलं.

“मग कोण आहेत?”

“म्या तर ह्यांना बगितलंच न्हाई कधी.”

सरांनी चष्मा काढला. “अहो, तुम्ही लिंबाजी ना?”

“लिंबाजीच हाय साहेब. पर हिचा न्हाई.”

“मग इतका वेळ बोलून का घेतलंत?”

“तुमी रागात होता,” तो म्हणाला. “म्हनलं, निवू द्यावं.”

पटक्याच्या घडीतून त्यानं दोन कार्डं काढून टेबलावर ठेवली. सरांनी उचलली, पत्ता वाचला, आणि अप्पांपुढं सरकवली. मीही वाकून पाहिलं. ‘श्री. लिंबाजी, मु. पिंपळगाव’, आणि त्याखाली, जांभळ्या शाईत, गोल कडेचा, ‘ता. अहमदपूर, जि. लातूर’.

सिंधूचं पिंपळगाव कंधार तालुक्यातलं. ते अजून नांदेड जिल्ह्यातच होतं, कुठं गेलं नव्हतं. पण अहमदपूर तालुक्यातही एक पिंपळगाव आहेच. पिंपळ कुठं नसतो? आणि तिथंही एक लिंबाजी निघाला. पोस्टानं काम चोख केलं होतं.

अप्पांचं तोंड खडूसारखं पांढरं झालं. “म्या… म्या सगळ्याच कार्डावर मारला शिक्का,” ते म्हणाले.

“कंधारकडची किती मुलं यादीत?”

अप्पांनी बोटं मोजली. “सहा.”

ती सहाच नावं उरली होती. सहा रिकाम्या खुर्च्या. सरांनी लाल पेनाला टोपण लावलं.

“तुम्ही पुढं सांगा,” ते लिंबाजीला म्हणाले. आता ‘तुम्ही’ वेगळ्या सुरात होतं.

“पैलं कार्ड आलं, मास्तरकडनं वाचून घेतलं. माझ्या पोरी दोघीबी चौथीतच शाळंतनं काढलेल्या, लगीन झालेल्या. म्हनलं, सरकारची गलती हाय, आन् खोचून ठिवलं आढ्याला. मंग दुसरं आलं. मास्तर म्हनला, आखरी सूचना हाय, पोरीचं वरीस जाईल. आता झोप लागंना साहेब. नाव माझं होतं ना त्याच्यावर. माझ्या नावावर कुनाची पोर नापास झाली तर?”

“मग?”

“मास्तर म्हनला, कंधारकडं एक पिंपळगाव हाय, तिथं बघ. आज सकाळी गेलो. घर सापडलं, पर हिचा बाप न्हाई. बैलं घेऊन भोकरच्या जंगलात गेलाय, चाऱ्याला, दिवाळीपसनं. आई रस्त्याच्या कामावर. कामावर गेलो, तर तिथली बायामानसं इचारतेत, ताई का न्हाई आली आज? म्हनलं, कोन ताई? तर ही.” त्यानं सिंधूकडं हात केला. “तिथं हिला लई मान हाय साहेब. मुकादमापरास जास्त.”

सरांनी सिंधूकडं पाहिलं. ती चपलेच्या अंगठ्याकडं बघत होती.

“काय करतेस तिथं?”

“चौकड्या मोजते.”

दुष्काळी कामावर बायका माती खणायच्या ते खड्डे, त्यांना चौकडी म्हणायचे. मोजणी आठवड्यातनं दोनदा, त्यावरच प्रत्येकीची मजुरी ठरायची.

“मुकादम मोजत नाही?”

“मोजतो. खड्डा वर रुंद ऱ्हातो, खाली अरुंद. त्यो फक्त तळ मोजतो आन् खोलीनं गुणतो. दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर गेले तवा बगितलं. मोजणीच्या दिवशी कुनी हाय का, ज्याला गणित येतं, असं आई म्हनली. मंग मीच जाते.”

“सोमवार आणि गुरुवार,” सर मस्टर उलटत म्हणाले. सगळ्या गैरहजेऱ्या सोमवारी आणि गुरुवारी होत्या. इतके दिवस मस्टर त्यांच्या हातात होतं, माझ्याही हातात होतं. आम्ही बेरीज पाहिली, वार कुणी पाहिले नाहीत. इथं ही पोर गैरहजर, आणि तिथं दीडशे जणी तिची वाट बघत उभ्या.

सर उठले, फळ्याजवळ गेले, खडू तिच्या हातात दिला.

“वर दहा फूट चौरस, तळाला आठ, खोली तीन. मोज.”

तिनं पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली. वरचे शंभर लिहिले, खालचे चौसष्ट. मग मधे नवाचा चौरस काढला, एक्याऐंशी, त्याला चारनं गुणलं. सगळ्याची बेरीज, भागिले सहा, गुणिले तीन. दोनशे चव्वेचाळीस.

“आणि मुकादमाचं?”

“एकशे ब्याण्णव.”

“मधलं माप चारदा का घेतलंस?”

“सूत्रात तसं हाय सर.”

“हे सूत्र मी शिकवलं,” सरांनी पान शोधलं, “चार डिसेंबरला, शनिवारी. तू हजर होतीस.”

“हाव सर. पर तवा कळलं न्हाई. खड्ड्यात उतरल्यावर कळलं. मंग पुस्तकात परत बगितलं.”

“हे पुस्तक घरी मिळत नाही.”

मी दाराबाहेर घंटेचा दांडा पुसायला लागले. विषय पुढं गेला तशी परत आत आले.

सर येऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, “हे आधी का सांगितलं नाहीस?”

सिंधूनं सांगितलं. कारणं सांगणाऱ्याला गणित येत नाही, तेच. अगदी सरांच्या सुरात, जसं पाठ झालं होतं तसं.

मी सरांना कधी खजील झालेलं पाहिलं नव्हतं. विभूतीवर घाम आला होता, त्यांनी तो पुसला, एक पट्टा थोडा फिसकटला. “हे वाक्य,” ते हळू म्हणाले, “आजपासून बंद.”

पण सर ते सर. पाझर फुटला म्हणून नियम वाकवणारे नव्हेत. अटीवर टर्म द्यायची तर हमीपत्रावर पालकाची सही लागते. बाप भोकरच्या जंगलात, फॉर्म पहाटे निघणार.

“आई का नाही आली?”

“आज सोमवार हाय सर,” सिंधु म्हणाली. “मी इकडं, म्हणून ती फीत धरून उभी हाय. आकडे ती ध्यानात ठेवती, मी रात्री गुणते.”

“नियमात पालक किंवा जवळचा नातेवाईक,” अप्पा घसा खाकरून म्हणाले. झालं त्यानंतर त्यांना कुठंतरी उपयोगी पडायचं होतं.

लिंबाजी खुर्चीवरून पुढं सरकला. “मंग मीच की. हिची आई साखराबाई म्हनली, भाऊ म्हनून जा. निघताना कुकू लावलं मला.” पटका वर सरकवून त्यानं कपाळ दाखवलं. धुळीत कुंकवाचं बोट खरंच होतं. “म्हंजे मी हिचा मामा.”

“हे नातं कधीपासून?”

“सकाळपसनं.”

अप्पा हसले आणि लगेच गप्प झाले, कारण सर हसत नव्हते. सर विचार करत होते. मला वाटलं, आता म्हणतील, कायद्यात बसत नाही. लाल पेन टेबलावरच होतं. सिंधूनं माझा हात कधी धरला मला कळलं नाही. पोरीच्या तळहाताला घट्टे होते.

सरांनी निळं पेन उचललं आणि हमीपत्रावर आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं. मी नंतर ते फाईलला लावलं, म्हणून शब्दन् शब्द माहीत आहे : ‘पालक : लिंबाजी, मु. पिंपळगाव (ता. अहमदपूर). नाते : मामा, आज सकाळपासून. सूचना दोन वेळा यांनाच मिळाल्या व त्यांनी त्या मानल्या.’

खोटं एक अक्षर नाही. लिंबाजीनं अंगठा उठवला, तो बराच वेळ दाबून धरला, जसं कागदाला बरं वाटावं.

मग अट. सर सिंधूला म्हणाले, “परीक्षेपर्यंत एकही तास बुडवायचा नाही. सोमवार, गुरुवारसुद्धा.”

“मंग मोजणी, सर?”

“पंधरा दिवस देतो. तुझ्याजागी कुणालातरी शिकव. मी येऊन तपासणार. ती मोजणी चुकली तर टर्म रद्द.” आणि मस्टर मिटलं. “साकु.”

हा ‘साकु’ बाहेर ऐकू गेला. कंधारकडची बाकीची पाच पोरं बाहेर उभी होती. त्यांना त्या सुराचा अर्थ लागेना, असला सूर पहिल्यांदाच निघाला होता. त्या पाचांचीही नावं सरांनी कापली नाहीत. फॉर्म गेले, सुनावणी आठवडाभर पुढं गेली. पाच गावांना कार्डं नेऊन द्यायचा जिम्मा अप्पांनी स्वतःहून घेतला. औरंगाबादहून परतल्यावर ते घरोघर हिंडून आले. एकाच्या बापानं पाणी दिलं, दुसऱ्याच्या आईनं शिव्या. दोन्ही पिऊन आले. शिक्का तेव्हापासून ड्रॉवरमध्ये.

पंधरा दिवसांनी रविवारी सर खरंच निघाले, आणि पोरीच्या घरी जायचं म्हणून मला बरोबर घेतलं. रस्त्याच्या कामावर ऊन नुसतं उभं होतं. लिंबाजी आधीच येऊन बसला होता. भाचीची परीक्षा आहे म्हणाला. बायका खड्ड्यांच्या कडेनं रांगेत, आणि एका चौकडीत साखराबाई फीत घेऊन उभी. अंगठाछाप बाई. सिंधूला सरांनी लांब उभं केलं, तोंड फिरवून.

“मोजा,” सर म्हणाले.

साखराबाईनं वर फीत धरली, तळाला धरली, खोली घेतली, मग बरोबर निम्म्यावर, गुडघ्याइतक्या उंचीवर भिंतीला खडूनं खूण केली आणि तिथं धरली. दरवेळी एक बाई आकडा मोठ्यानं म्हणायची, दुसरी खडे मांडायची. पाढे येणारी एक म्हातारी त्यांनी कुठून तरी शोधून काढली होती, ती गुणायची. आणि बाकीच्या जात्यावर ओवी म्हणावी तशा म्हणत होत्या :

“वरचं येकदा, मधलं चारदा, खालचं येकदा…”

मुकादम लांब बाभळीखाली उभा होता. त्यानं एकदा तोंड उघडलं, सरांकडं पाहिलं, मिटलं.

सरांनी खिशातून कागद काढून त्याच मापांवर गणित केलं आणि आपलं उत्तर ताडून पाहिलं. मग पुन्हा ताडून पाहिलं. मी विचारलं, “बराबर हाय का सर?”

“बरोबर आहे.” ते त्या बायांकडंच बघत होते. “वर्गात चाळीस मुलं आहेत केवळाबाई. त्यातल्या सहा जणांना येतं हे.”

परत येताना गाडीत ते खिडकीशी बसले होते. कंधारचा रस्ता, धूळ, उजाड रानं. मला वाटलं, झोपले. जवळ वाकून पाहिलं तर मांडीवर बोटं हलत होती. एकदा, चारदा, एकदा.